साठ डाइव्ह झाल्या म्हणून दुसऱ्याचा जीव हाती घेऊ नका

नोकरी सोडा, अंदमानला किंवा थायलंडच्या कोह ताओला जा, स्कूबा डायव्हिंगची शून्यापासून सुरुवात करा आणि तीन महिन्यांत डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली फिरवणारा गाइड, होऊन समुद्रातच पोट भरा, असा सल्ला रील्समधून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून सतत फिरतो आहे. तो ऐकून पुण्या-मुंबईची मुलं खरोखर निघतात. त्यांच्या समुद्राच्या ओढीबद्दल मला आदरच आहे. म्हणूनच या सल्ल्यातल्या एकेका दाव्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला दावा असा की डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या पाडी (PADI) संस्थेची अटच साठ डाइव्हची आहे, म्हणजे तेवढा अनुभव पुरेसा. अट खरी आहे. पाडीचा डाइव्हमास्टर कोर्स सुरू करायला 40 डाइव्हची नोंद लागते आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत 60. पण एक डाइव्ह पाऊण तासाची धरली तर साठांचे होतात 45 तास. ऑफिसातला एक आठवडा! त्यातल्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्सच्या 4, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्सच्या 5, शिवाय बचाव शिकवणाऱ्या रेस्क्यू कोर्सच्या आणि खुद्द डाइव्हमास्टर कोर्सच्या डाइव्ह शिकण्यातच गेलेल्या असतात. याच्या आत कुणाला प्रमाणपत्र देऊ नये, एवढंच ती अट सांगते. एवढ्यावर माणूस तयार होतो, असं ती कुठेही म्हणत नाही.

दुसरा दावा जास्त पटण्यासारखा वाटतो: अनुभव कोर्समध्येच मिळतो, वेगळा कशाला घ्यायचा? कोर्समध्ये कौशल्य मिळतं, हे मान्य. पण तिथे जागा कुणी निवडली, प्रवाह कुणी पाहिला, परत फिरायची वेळ कुणी ठरवली? इन्स्ट्रक्टरने. तीन महिने तीच बोट, तेच चार-पाच रीफ, तेच कोमट आणि स्वच्छ पाणी. असा माणूस मालवणला आला आणि उधाणाच्या दिवसांत हाताच्या अंतरापलीकडचं दिसेनासं झालं, तर त्याच्या लॉगबुकातल्या साठही नोंदी तिथे उपयोगी पडत नाहीत. मोठ्या भरती-ओहोटीचं उधाण आहे की लहान भरतीची भांग, वारा कुठून आहे, स्थानिक तांडेल (होडीचा प्रमुख) काय म्हणतो, हे विचारून ‘आज उतरायचं नाही’ असं स्वतः ठरवायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. माझ्या मते अनुभव म्हणजे असे स्वतः घेतलेले निर्णय. आपल्याच बरोबरीच्या बडीसोबत, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारासोबत, मागे लक्ष ठेवणारं कुणी नसताना केलेल्या डाइव्ह त्यासाठी लागतात.

‘मला उत्तम पोहता येतं, मी घाबरत नाही’ हा तिसरा दावा. प्रश्न तुम्ही घाबरता का हा नाहीच, सोबतचा पाहुणा घाबरला तर काय, हा आहे. पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. त्यामुळे 10 मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून कुणी वर धावला, तर फुफ्फुसातली हवा दुपटीने फुगू पाहते आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणजे नवख्यांना जिथे नेतात, त्या उथळ पाण्यातच हा धोका मोठा आहे. मास्कमध्ये पाणी गेलेल्या माणसाचे डोळे आधी बदलतात, मग तो वरचा रस्ता धरतो. त्या मधल्या दोन-चार सेकंदांत गाइडचा हात त्याच्या दंडावर पडायला हवा. स्वतःची तरंगस्थिती सांभाळण्यात, गेज बघण्यात आणि दिशा शोधण्यात ज्याचं लक्ष अडकलं आहे, त्याला ते डोळे दिसतच नाहीत. हवेचंही तेच. गाइडचीच टाकी पाहुण्यांच्या आधी 50 बारवर, म्हणजे हवा संपत आल्याच्या खुणेवर, आली, तर अडचणीतल्या माणसाला तो काय देणार? श्वास संथ व्हायला पाण्यातले तास लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही.

‘असे कितीतरी जण झाले, कुणाला काही झालं नाही.’ समुद्र शांत होता म्हणून झालं नाही. त्यावरून त्यांची तयारी सिद्ध होत नाही.

पैशांचा मुद्दा मात्र खरा आहे. शून्यापासून डाइव्हमास्टरपर्यंतचं पॅकेज स्वस्त पडतं, सुट्या डाइव्ह महाग. तरी माझा सल्ला असा: ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्सनंतर रेस्क्यू कोर्स लवकर करा, तो प्रत्येक डायव्हरच्या कामाचा आहे. मग थांबा. एक-दोन हंगाम कर्नाटकातलं नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड, अंदमान अशा वेगवेगळ्या पाण्यात उतरा. गढुळात, प्रवाहात, रात्री. भाड्याच्या सामानावर भागवा, पण पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा घ्या. शंभराच्या पुढे गेल्यावर आणि आपल्याहून नवख्या बडीला आपल्या सोबतीने निवांत वाटतं असं दिसल्यावर डाइव्हमास्टरचा विचार करा. शंभर हा आकडा माझा आहे, कुठल्या संस्थेचा नव्हे.

आणि कोर्सचे पैसे भरण्याआधी त्या डाइव्ह शॉपला दोन गोष्टी विचारा: प्रमाणपत्र मिळाल्यावर पहिल्या महिन्यात माझ्याकडे एका वेळी किती पाहुणे देणार, आणि तेव्हा माझ्यासोबत पाण्यात अनुभवी कोण असणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथे पैसे भरू नका.