'ऑप्शनल'मधले सगळे ड्रायव्हर टिक करायचे? जरा थांबा

गेल्या आठवड्यात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं: विंडोजमध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' हे पान मुद्दाम लपवलेलं असतं. नवीन म्हणजे चांगला, तेव्हा तिथले सगळे ड्रायव्हर (टचपॅड, वायफाय, प्रिंटर असे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअर) टिक करा, लॅपटॉप दुप्पट पळेल. नाही केलंत तर हॅकर घुसतील. काही बिघडलंच तर एका क्लिकवर मागे जाता येतं. आणि हे सगळं आपोआप करणारं एक फुकट अ‍ॅप आहे, त्याची लिंक खाली.

सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब बघतो, आणि 'तुला कळतं ना' म्हणून तिथले कॉम्प्युटरही माझ्याच गळ्यात आहेत. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

'लपवलेलं असतं.' काही लपवलेलं नाही. विंडोज ११ मध्ये विंडोज अपडेट, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ऑप्शनल अपडेट्स. ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडे देतानाच तो आपोआप जावा की मागितल्यावरच मिळावा, हे बनवणारी कंपनी ठरवते. दुसऱ्या प्रकारातले या पानावर दिसतात. सगळ्यांना हवाच असा ड्रायव्हर बहुतेक वेळा न विचारताच येऊन बसलेला असतो.

'नवीन म्हणजे चांगला.' या पानावरच्या तारखा एकदा नीट वाचा. इंटेलच्या चिपसेटच्या काही ड्रायव्हरवर १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते. तेव्हा विंडोज सोडाच, मायक्रोसॉफ्टसुद्धा नव्हती. ती इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे. एकाच भागासाठी दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज तारीख बघून निवड करतं. म्हणून तारीख मुद्दाम जुनी ठेवली, म्हणजे हा सर्वसाधारण ड्रायव्हर त्या भागाच्या खास ड्रायव्हरला बाजूला सारत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कित्येक ड्रायव्हरवर २१ जून २००६ असते, तीही याच कारणाने. थोडक्यात, नुसत्या तारखेवरून ड्रायव्हर जुना की नवा ते कळत नाही, मग चांगला की वाईट कुठून कळणार?

शेजारचे नाना ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेत. त्यांना हा मेसेज दाखवला तर म्हणाले, "अरे, तास भरले किंवा बिघाड निघाला तर पार्ट बदलतात. स्टोअरला नवीन पार्ट आला म्हणून कोणी चालू विमान उघडतं का?"

'दुप्पट पळेल.' नाही पळणार. गेम खेळणाऱ्यांना ग्राफिक्सच्या नव्या ड्रायव्हरने फरक पडतो, तो मान्य. बाकी लॅपटॉप रखडतो तो जुन्या हार्ड डिस्कमुळे, कमी रॅममुळे आणि पंख्यात साठलेल्या धुळीमुळे.

'हॅकर घुसतील.' यात अर्धं सत्य आहे. ड्रायव्हरमध्ये भोकं असतात आणि ती धोकादायक असतात. मे २०२१ मध्ये डेलच्या एका ड्रायव्हरमधल्या पाच त्रुटी जाहीर झाल्या. तो २००९ पासून वापरात होता. पण गंमत पुढेच आहे: तो लोकांच्या मशीनवर पोचला होता बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) वगैरे अपडेट करणाऱ्या साधनांमधूनच! सगळं टिक करून ती भानगड टळली नसती. कंपनीने सुरक्षेची सूचना काढली तर ती जरूर पाळा. शिवाय अशा धोकादायक ड्रायव्हरची एक यादी मायक्रोसॉफ्ट ठेवते आणि विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून ते ड्रायव्हर मुळातच अडवले जातात.

'एका क्लिकवर मागे.' या वाक्यावर मी स्वतः भरवसा ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी याच पानावरून टचपॅडचा ड्रायव्हर टाकला आणि दोन बोटांनी पान सरकवणं बंद पडलं. घाईत त्यावर आणखी एक ड्रायव्हर चढवला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबलं, तर आला तो मधला, बिघडलेलाच. ते बटण एकच पायरी मागे नेतं, आणि आधीचा ड्रायव्हर साठवलेला नसेल तर दाबताच येत नाही. शेवटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून मूळ ड्रायव्हर उतरवला. एक अख्खी संध्याकाळ गेली, तीही मार्च एंडची.

त्याहून मोठी गोम म्हणजे या यादीत कधीकधी 'फर्मवेअर' (म्हणजे मशीनच्या चिपमध्येच लिहिलेलं सॉफ्टवेअर) असं लिहिलेली ओळ असते. तिला रोल बॅक नाही. पहिल्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते माहीत आहे. फर्मवेअर लिहिलं जात असताना बॅटरी संपली तर मदरबोर्डवरच संक्रांत. आणि सगळं सुरळीत झालं तरी पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपाची) ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. नव्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, मालकाला पत्ताही नसतो. किल्ली त्या खात्याच्या पानावर असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या, चार्जर लावा, मगच त्या ओळीला हात लावा.

फुकट अ‍ॅपबद्दल एवढंच: नको.

आता उलट टोकाला जाऊन 'कधीच टाकू नका' असंही मी म्हणणार नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखाद्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, वायफाय झोपेतून उठल्यावर जोडलंच जात नसेल, तर त्याच भागाचा ड्रायव्हर यादीत आहे का बघा. आमच्या ऑफिसातल्या एका लॅपटॉपचं वायफाय असंच सुधारलं. आधी रिस्टोर पॉइंट (गरज पडली तर मागे जाता यावं म्हणून विंडोजच्या आत्ताच्या स्थितीची नोंद) करा, एका वेळी एकच टाका, दोन दिवस वापरून बघा. सहा एकदम टाकलेत तर बिघडवलं कोणी ते शोधणार कसं?

काल रात्री नानांनी त्यांच्या पडद्याचा फोटो पाठवला. सहा ड्रायव्हर, टिक फक्त प्रिंटरवर. नातवाच्या प्रोजेक्टची पानं निघत नव्हती, ती निघाली. बाकीचे पाच अजून तिथेच आहेत.