‘आणखी एक थर कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चार ओळींत आटोपण्यासारखी नव्हती, म्हणून सवडीने उत्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पातळ कापडाच्या ड्रेसखाली आणि स्कर्टखाली स्लिप, म्हणजे आतून घालायचा पातळ, सुटा झगा किंवा परकर, घालावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हा बाईला तिच्या अंगाची लाज वाटायला लावणारा इंग्रजी संस्कार आहे, आपल्या आज्या नऊवारी नेसून परकराशिवाय जन्मभर वावरल्या, मुंबईच्या घामात आणखी एक थर म्हणजे छळ, कमरेच्या नाडीने कॅन्सर होतो हे आता डॉक्टरही सांगतात, आणि विरविरीत कापड विकायचं कंपनीने, ते झाकायचा खर्च मात्र बाईने करायचा, हा कुठला न्याय? शिवाय ‘लोक काय बघतील याची चिंता करणाऱ्या काकू’ असंही तुम्ही मला म्हटलंय. वयाने काकू आहेच मी. बाकीच्याबद्दल बोलू.

आज्यांपासून सुरुवात करते, कारण तो मुद्दा ऐकायला फार छान वाटतो आणि इथे अजिबात लागू पडत नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. कासोटा मागे खोवला की दोन्ही पाय वेगवेगळे गुंडाळले जातात, मांडीला मांडी घासत नाही, आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत एकपदरी कापड क्वचितच कुठे राहतं. त्यात जुनी सुती लुगडी चांगली जाड असायची. म्हणजे स्लिपने करायचं सगळं काम लुगडंच करत होतं. तुमच्या-माझ्या रेयॉनच्या स्कर्टला कापड लागतं दोन-तीन मीटर, तेही एकाच पदराचं. आजीचा दाखला द्यायचा तर आधी आजीइतकं कापड अंगावर घ्यायला हवं.

साडीच्या आतल्या परकराबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. आपल्याकडे परकर होता, पण परकर-पोलक्यातला, मुलींचा, वरून मिरवायचा. तो साडीच्या आत जाण्यामागे इंग्रजी अमलातल्या बाहेरच्या वावराचा हात आहेच. ज्ञानदानंदिनी देवींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. आयसीएसमधले, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सनदी सेवेतले, पहिले भारतीय अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांच्या त्या पत्नी. 1860च्या दशकात नवऱ्याच्या नेमणुकीमुळे त्या मुंबईत आल्या, इथल्या पारशी बायकांची साडी नेसायची रीत पाहिली, आणि पेटीकोट-ब्लाउजसकट ती रीत बंगालात घेऊन गेल्या. घराबाहेर, चारचौघांत, इंग्रज अधिकाऱ्यांच्या बैठकीत जाता यावं असा पोशाख त्यांना हवा होता. तेव्हा ‘बाहेरचे डोळे’ या कथेत आहेत, हे मी नाकारत नाही. पण तो पोशाख करून त्या घराबाहेर पडल्या, हेही त्याच कथेत आहे.

मात्र युरोपातला आतला कपडा निव्वळ लाजेपोटी जन्मला, हे खरं नाही. तो जन्मला धुण्यापोटी. रेशमी आणि लोकरी झगे पाण्यात घालता येत नसत. ते झटकायचे, घासायचे, वारा लावायचा. अंगाला लागून असायची ती लिननची शमीज, आणि धुतली जायची तीच. घाम तिने प्यायचा, वरचा महागडा कपडा वाचवायचा. आपल्या पैठण्या आणि शालू तरी कुठे दर वेळी पाण्यात पडतात? आणि व्हिक्टोरियन काळाचं म्हणाल, तर त्या बायका एकावर एक कितीतरी परकर घालत. स्लिप आली ती हे ओझं उतरवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झगे सरळ आणि हलके झाले आणि आतल्या तीन-चार कपड्यांच्या जागी एक सरळसोट स्लिप आली. पुढे पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी उरेब कापलेल्या कपड्यांची किमया दाखवली आणि स्लिपाही उरेब कापल्या जाऊ लागल्या. उरेब म्हणजे 45 अंशांत कापलेलं कापड अंगाबरोबर ताणतं आणि परत जागेवर येतं, इलास्टिकशिवाय. ज्या कपड्याला तुम्ही बेडी म्हणताय तो त्या काळी मोकळा श्वास होता.

आता लाजेचा मुद्दा. माझ्या लेखात ‘शालीन’, ‘सभ्य’, ‘शोभतं’ यांतला एकही शब्द नाही, पुन्हा वाचून बघा. आणि तुमचा राग कुठून येतो तेही कळतं. पांढऱ्या युनिफॉर्मखाली शमीज आहे की नाही हे मुलींना रांगेत उभं करून तपासणाऱ्या बाई मीही पाहिल्यात. तिथे माझं मत स्पष्ट आहे: युनिफॉर्मचं कापड आरपार दिसत असेल तर शाळेने कापड बदलावं, मुलींची तपासणी करू नये.

स्लिपचा विषय निघाला की डायानाचा तो फोटो कुणीतरी काढतंच. सप्टेंबर 1980, लंडनमधल्या पिमलिको भागातली एक बालवाडी, तिथे मदतनीस असलेली 19 वर्षांची मुलगी. राजपुत्राशी नाव जोडलं गेल्यावर छायाचित्रकार तिथे पोचले. दोन मुलांना घेऊन ती उभी राहिली, ऊन पाठीमागून आलं आणि पातळ स्कर्टमधून पायांचा आकार दिसला. फोटो जगभर गेला. ‘पोरीने परकर घालायला हवा होता’ हा त्यावरचा शेरा तेव्हापासून चालू आहे. मला तो शेरा बिनडोक वाटतो. बालवाडीत काम करताना तो स्कर्ट अगदी व्यवस्थित होता; बदलली ती उजेडाची दिशा, आणि कॅमेरे घेऊन उभे होते ते दुसरेच. पण त्या फोटोत कापडाचं एक शास्त्र आहे आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दल. (हीच डायाना 1996च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशनच्या बड्या सोहळ्याला गडद निळा स्लिप ड्रेस घालून गेली, डिझायनर जॉन गलियानोंनी डिओर या फॅशन कंपनीसाठी केलेला. आतला कपडा तोवर बाहेर आला होता.)

कापडातून दिसण्याचे प्रकार दोन, आणि त्यांचे उपाय वेगळे. उजेड समोरून असेल तर दिसतो तो रंगांतला फरक. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप म्हणूनच ठळक उठते: जिथे ती संपते तिथे रेघ दिसते. आपल्या त्वचेच्या जवळच्या रंगाची स्लिप त्याच कुर्त्याखाली नाहीशी होते. दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून जो गुलाबट रंग दाखवतात तो आपल्यातल्या फारच थोड्या जणींच्या कातडीचा असतो. हाताच्या आतल्या बाजूला कापड लावून बघा आणि बेधडक तपकिरी घ्या. उजेड मागून आला तर मात्र रंगाचा उपयोग नाही, कारण तेव्हा दिसते ती पायांची सावली. अंगाला चिकटून बसणारी स्लिप तिथे काहीच करत नाही, पायांचा आकार तसाच राहतो. तिथे हवी थोडा घेर असलेली, पायांपासून सुटी राहणारी, जरा दाट विणीची स्लिप. घरातल्या आरशात हे कधीच कळत नाही. गॅलरीत उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं आणि समोरून कुणालातरी बघायला सांगायचं.

उकाड्याबद्दल तुम्ही बरोबर बोलताय, पण आरोपी चुकीचा पकडलाय. बाजारात ‘सॅटिन स्लिप’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा पॉलिएस्टरची असते. 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता या प्रमाणित हवेत सुती धागा वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, व्हिस्कोस (रेयॉनचाच प्रकार) 11 ते 13 टक्के, नायलॉन 4 टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ती स्लिप मे महिन्यात लोकलमध्ये घातली तर छळ होणारच. त्यावर ‘मग सुतीच घ्या’ असं लोक सांगतात, तेही अर्धवट. साडीखाली सुती परकर चांगला, कारण तो साडीला धरून ठेवतो, निऱ्या सरकू देत नाही. स्कर्टखाली नेमकं उलट हवं. सुती स्कर्टखाली सुती स्लिप घातली की चालताना दोन्ही एकमेकांना पकडतात आणि सगळं वर चढत जातं. स्कर्टला हवी निसरडी पण पाणी पिणारी स्लिप: व्हिस्कोसची, किंवा मिळाली तर क्युप्रोची. क्युप्रो म्हणजे सरकीवर उरलेल्या आखूड तंतूंपासून बनवलेलं कापड. जपानच्या असाही कासेई कंपनीचं ‘बेंबर्ग’ तेच. अंगाला गार लागतं.

थंडीत पुणे-नाशिककडे किंवा नागपुरात स्कर्ट पायांना चिकटून चटचटतो, तोही याच ओलाव्याचा खेळ. कोरड्या हवेत घर्षणाने तयार झालेली वीज कुठे जायला वाट मिळत नाही, आणि पॉलिएस्टरवर ती साचून राहते. मुंबईच्या दमट हवेत हा त्रास कमी. अशा वेळी ओला हात स्लिपवरून फिरवला तरी तेवढ्यापुरतं भागतं. आणि मांड्या काचतात म्हणून कुणी स्लिप घेत असेल तर झग्यासारखी स्लिप घेऊ नका, दोन पायांची घ्या. झग्याच्या आकाराची स्लिप मांड्यांच्या मध्ये येतच नाही.

कॅन्सरचं मात्र नीट वाचायला हवं, कारण त्या बातम्यांचे मथळे भयंकर होते. 2024 साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची माहिती दिली. दोघीही उतारवयाच्या, वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट बांधत आलेल्या. सततच्या दाबाने आणि घासण्याने कातडी पातळ होते, जखम होते, ती भरत नाही, आणि अशा जुन्या जखमेत क्वचित त्वचेचा कॅन्सर होतो. पण या दोघींतली एक लुगडं नेसणारी होती, आणि तेही परकराशिवाय. म्हणजे ज्या आज्यांचा दाखला तुम्ही देताय त्यांच्यातलीच एक. दोष परकराच्या थराचा नाही, करकचून मारलेल्या गाठीचा आहे. डॉक्टरांनीही परकर सैल बांधायला सांगितलंय. रुंद नेफा, नाडीऐवजी रुंद इलास्टिक, बांधायची जागा अधूनमधून बदलणं, एवढं पुरतं. कमरेवर काळपट पट्टा, खाज किंवा न भरणारी जखम असेल तर मात्र पावडर लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या घरातल्या मोठ्या बायका हे कुणाला सांगत नाहीत, म्हणून विचारून बघा.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, आणि त्यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. हजार-दीड हजाराचा स्कर्ट विकताना अस्तर काढून टाकायचं आणि त्याला ‘ब्रीझी’ म्हणायचं, ही शुद्ध बनवाबनवी आहे. कपडा हातात घेऊन आत पंजा घालायचा. बोटं मोजता आली तर किमतीत घासाघीस करायची, किंवा सरळ परत ठेवायचा. ऑनलाइन मागवलेला असेल तर परत पाठवायचा आणि कारण लिहायचं.

तरीही शिवून लावलेल्या अस्तरापेक्षा वेगळी स्लिप मला बरी वाटते. टेलरकडे लावून घेतलेलं सुती अस्तर भिजवलेलं नसलं तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं जॉर्जेट आटत नाही, आणि शिवणीपाशी कायमच्या चुण्या पडतात. अस्तर लावायचंच असेल तर कापड रात्रभर भिजवून, वाळवून मग टेलरला द्या, आणि खालच्या दुमडीला जोडू नका, मोकळं ठेवायला सांगा. शिवाय जुलैत कोकणात किंवा मुंबईत अस्तराचा ड्रेस दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. सुटी स्लिप रात्री धुतली की सकाळी पंख्याखाली वाळते, आणि एक स्लिप पाच ड्रेसना चालते. ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी ती कपाटात राहते. शिवलेल्या अस्तराला ही सोय नाही.

तुम्ही शेवटी जरा चिडूनच विचारलंय, की मग माझ्या पांढऱ्या चिकनच्या कुर्त्याचं आणि पिवळ्या लिननच्या स्कर्टचं काय करू? कुर्त्याखाली तुमच्या रंगाची, बारीक पट्ट्यांची, कमरेखाली चार बोटं येणारी व्हिस्कोस स्लिप घ्या. गळ्याला लेस नको, चिकनच्या जाळीतून ती दिसते. लिनन दाट विणीचं असेल तर काही घालू नका, मीही घालत नाही. विरळ असेल तर घेर असलेली अर्धी स्लिप, स्कर्टपेक्षा दोन इंच आखूड. आणि स्कर्टला बाजूला चीर असेल तर स्लिपलाही त्याच बाजूला, चिरेपेक्षा इंचभर वरपर्यंत चीर ठेवा, नाहीतर प्रत्येक पावलाला ती डोकावत राहील.