दुपारची मोजणी कोकणात फसते

एक मनोरा किनाऱ्यावर उभारून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची दुपारची मोजमापं घेतली की कोकणातली झाडी किती कार्बन शोषते ते कळेल, हे लेखातलं विधान पटलं नाही. दुपारी हवा वरपर्यंत नीट मिसळलेली असते म्हणून तीच वेळ घेतात, हे देशावर ठीक. रत्नागिरी-मालवणला तेव्हा खारे वारे सुटलेले असतात. मनोऱ्याच्या नळीत येते ती समुद्रावरची हवा, नाहीतर रात्री मतलईबरोबर बाहेर गेलेली आपलीच हवा परत. गोव्यात काब द रामला १९९३पासून बाटल्यांत नमुने घेतले, तिथेही पावसाळ्यात नैर्ऋत्येची सागरी हवा आणि हिवाळ्यात ईशान्येची जमिनीवरची. म्हणजे भात जोमात असतं, नेमकं तेव्हाच केंद्र समुद्र मोजतं! किनाऱ्याचा आकडा पार्श्वभूमी धरून वाऱ्याच्या दिशेनं पुढे, घाटमाथ्यावर दुसरं केंद्र हवं. कामाचा तो या दोन आकड्यांतला फरक.

आणि लेखात दमटपणाचा उल्लेखच नाही. हवेत ३ टक्के वाफ असली तर कार्बन डायऑक्साइडचं ४२० पीपीएमचं (दहा लाखांत ४२० भाग) वाचन साधारण १३नं कमी येतं. नमुना सुकवला नाही, तर ही सगळी घट जंगलाच्या खात्यावर जमा होईल.