गिरणगावात रविवार नव्हता तेव्हा

दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर जुन्या मुंबईचा एखादा कृष्णधवल फोटो येतो. घोड्यांची ट्राम, रिकामा रस्ता, पगडीवाले दोन गृहस्थ. खाली ठरलेल्या कमेंटी: "काय निवांत आयुष्य होतं!", "तेव्हा माणसांकडे वेळ होता." वेळ होता, पण कोणाकडे? पगडीवाल्यांकडे असेलही. ही घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, तेव्हा कुलाबा ते पायधुणी भाडं होतं तीन आणे. साध्या गिरणी कामगाराला महिन्याला दहा रुपयांच्या आसपास मिळायचे, म्हणजे दिवसाला पाच-सहा आणे. अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन कोण ट्राममध्ये बसणार? तो चालतच जायचा, आणि फोटोवाला यायच्या कितीतरी आधी गिरणीत शिरलेला असायचा.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढची कित्येक वर्षं कामाचे तास असे नव्हतेच. सूर्य उगवला की यंत्रं सुरू, मावळला की बंद. थंडीत दिवस लहान म्हणून जरा सुटका, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. घरात घड्याळ कोणाकडे असणार? तारे बघून, कोंबडं ऐकून अंदाजाने निघायचं. उशीर झाला तर दंड किंवा खाडा, म्हणून कित्येक जण अंधारातच येऊन गिरणीच्या दाराशी पुन्हा आडवे व्हायचे. "घड्याळ नव्हतं म्हणून सुखी होते" म्हणणाऱ्यांनी ही झोप जरा डोळ्यांपुढे आणावी.

आणि रविवार? रविवार नव्हताच. सणासुदीला गिरणी बंद राहायची. अधूनमधून यंत्रं थांबायची ती साफसफाईसाठी, आणि ती सफाईही कामगारांनीच करायची. पगार महिना संपल्यावर लगेच नाही, पुढच्या महिन्यातले दोन-तीन आठवडे गेल्यावर. तोवर वाणी आणि खानावळवाली यांच्या उधारीवर. रत्नागिरीकडून आलेला माणूस बोटीतून उतरायचा, गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकायचा आणि मुकादमाच्या मर्जीवर बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, उभा राहायचा. कोकणातल्या घरी मनीऑर्डर जायची ती यातूनच.

हा रविवार ज्यांनी मिळवून दिला त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या लिहून काढल्या: आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. आज यात क्रांतिकारक काहीच वाटत नाही ना? दुपारी भाकरी खायला अर्धा तास मागावा लागत होता, हे मला तरी पटकन पचत नाही. रविवार हा खंडोबाचा वार, तो पाळायला हवा, असा युक्तिवादही त्यांनी केल्याचं सांगतात. मालकांना जेजुरीचं काय पडलंय, पण समोर बसलेल्या माणसाला ते लगेच कळत असणार.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सभा झाली, दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्यात दोन बायका उभ्या राहून बोलल्या. रिळं गुंडाळण्याच्या खात्यांत बायका खूप होत्या, तेव्हा सुट्टीचा प्रश्न त्यांचाही होता. घरी गेल्यावर चूल वाट बघतच होती. १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. ज्या शहरासाठी झटले, त्याच शहराच्या साथीने त्यांना नेलं.

(आपण तो रविवार लोकलच्या मेगाब्लॉकमध्ये घालवतो, ती गोष्ट वेगळी.)

पण लढाई तिथे संपली नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची अट गेली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या पंधरा-पंधरा तास चालत होत्या. १९०६ च्या जानेवारीत सरकारी प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. घड्याळात सकाळचे सहा तेच, पण बाहेर अंधार. कामगार चिडले, कामावरून बाहेर पडले, गडबडही झाली. आपली झोप कोणीतरी काट्याने कापून नेली, हे त्यांना बरोबर समजलं होतं. महापालिकेने तर मुंबईची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. याला कोणी हट्टीपणा म्हणेल, मला त्या हट्टाचं कौतुक आहे.

पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा कायद्यात यायला १९११ चं साल उजाडलं. आठवड्याला ४८ तास तर १९४६ नंतर.

परळ-लालबागच्या गिरणगावात वाढलेल्यांनी सांगा: तुमच्या घरात पणजोबा-पणजीच्या गिरणीतल्या पाळीच्या, खानावळीच्या, मुकादमाच्या कोणत्या गोष्टी सांगितल्या जातात? पणजीच्या जास्त हव्यात, कारण कागदोपत्री त्या फारच कमी सापडतात.