आमच्याकडे दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागते

गावाहून भाचा आलाय सुट्टीला. सात वर्षांचा आहे. काल विचारतो, "मामा, तुमच्याकडे सकाळ कधी होते?" मी हसलो. आई नाही हसली.

आम्ही मुंबईत एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या, सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकी उघडली की दहा फुटांवर समोरच्या इमारतीची खिडकी. समोरच्या काकूंनी फोडणीत लसूण टाकला की त्यांच्या हॉलच्या आधी वास आमच्या हॉलमध्ये येतो. ऊन असं काही येतच नाही. कपडे वाळायला दोन दिवस, पावसाळ्यात चार.

हे लिहायचं कारण परवाची एक कमेंट. पुनर्वसनाच्या इमारतींवर कुणीतरी लिहिलं होतं, त्याखाली एका सज्जनांनी टाकलं, "फुकट घर मिळालं, वर तक्रारी!" त्याला पंचाऐंशी लाइक. त्यात माझ्या ऑफिसातले दोघं.

तर फुकटचा हिशोब आधी करू. 1995 मध्ये युती सरकारनं झोपडपट्टीतल्या 40 लाख लोकांना मोफत घरं देऊ म्हटलं आणि ही योजना आली. मोफत म्हणजे सरकारच्या खिशातून नव्हे. आमच्या वस्तीच्या जागेवर बिल्डरनं आम्हाला एका कोपऱ्यात रचलं आणि उरलेल्या जागेवर सेल बिल्डिंग, म्हणजे बाजारभावानं विकायची इमारत, उभी केली. तिथला फ्लॅट कितीला जातो ते विचारा एकदा. आमच्याकडून काय गेलं? घर होईपर्यंत ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या खोलीत काढलेली पाच वर्षं. बाबा तिथंच गेले, चावी काही त्यांनी पाहिली नाही.

झोपडीत परत जायचंय का? अजिबात नाही. पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, घरातला संडास म्हणजे काय असतो. त्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही. पण संडास मिळाला म्हणून उजेडाबद्दल बोलायचं नाही, हा कुठला न्याय?

सरकारं आली-गेली, सुधारणा म्हणून प्रत्येकानं फुटं वाढवली. आम्हाला 225 चौरस फूट मिळाले, नंतरच्यांना 269, आता 300. चांगलंच आहे. घर बांधून होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डरनं द्यायचं भाडं ते बुडवायचे, म्हणून 2023 मध्ये एसआरएनं दोन वर्षांचं भाडं आधीच जमा करायला लावलं. थकलेलं भाडं जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करायची तरतूदही कायद्यात आली. हेही उत्तम, आमच्या वेळी असतं तर बाबांनी सावकाराचं तोंड पाहिलं नसतं. पण बघा, हे सगळं चावी मिळेपर्यंतचं. पात्र-अपात्र, परिशिष्ट दोन (म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी), संमती, भाडं, लॉटरी, मग मंत्र्यांच्या हस्ते चावी आणि फोटो. त्यानंतर आम्ही कोण? कुणीच नाही.

नियमात एक गंमत आहे. एका हेक्टरवर किमान 650 पुनर्वसनाची घरं बसलीच पाहिजेत, असं विकास नियमावली सांगते. किमान! माणसं दाटीवाटीनं बसवायची खालची मर्यादा सरकारनं घालून दिली, आणि खिडकीत दिवसातून तासभर तरी ऊन आलं पाहिजे असं सांगायला मात्र कुणी तयार नाही.

याची किंमत छातीत भरावी लागते. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, दोन्ही पुनर्वसन वसाहती. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं तिथं घरोघर जाऊन पाहणी केली. इमारतींमध्ये तीन मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांवर ना हवा ना उजेड, आणि क्षयाचे रुग्ण जास्त. त्याच भागातल्या पीएमजीपी वसाहतीत इमारती मोकळ्या आहेत, तिथं क्षयाचं प्रमाण बरंच कमी निघालं. गरिबी तीच होती. फरक होता तो मधल्या अंतराचा. आमच्याच जिन्यावर गेल्या तीन वर्षांत चार जणांनी टीबीची गोळी खाल्ली. त्यातली एक माझी बहीण.

आणि चेंबूरजवळचं माहुल. तानसा पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेची कुटुंबं उचलून रिफायनरींच्या शेजारी नेऊन ठेवली. लोक आजारी पडले, रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. शेवटी सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की यांना तिथं राहायला भाग पाडू नका, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिन्याला 15,000 रुपये भाडं द्या. पुढे पालिकेनं तीच घरं आपल्या कर्मचाऱ्यांना स्वस्तात विकायला काढली, तर अर्ज करायला माणसं मिळेनात. पगारदार माणसाला नाही म्हणता येतं, एवढंच.

आता आमची लिफ्ट. सातव्या मजल्यावरच्या आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. लिफ्ट बंद असली (म्हणजे बहुतेकदा) की पोरं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवतात. देखभालीला कॉर्पस, म्हणजे कायमचा ठेवलेला निधी, आहे ना, असं म्हणाल. आहे. आमच्या वेळी घरामागे 20,000 रुपये बिल्डरनं भरायचे आणि त्याच्या व्याजावर इमारत चालवायची. व्याज काढा: महिन्याला घरटी शंभर-सव्वाशे रुपये. त्यात लिफ्ट, पंप, टाकी, जिन्यातले दिवे. पुढे रक्कम वाढवली, पण जुन्या इमारतींचं काय?

ओलीची तक्रार घेऊन आई तीन वेळा एका कार्यालयात गेली. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "मावशी, रंग मारून घ्या."

हे वाक्य मला पुन्हा कुठं भेटलं तर इंग्लंडच्या बातमीत. रॉचडेलमध्ये गरिबांना कमी भाड्यात घरं देणाऱ्या संस्थेच्या एका घरात भिंतींना बुरशी आली होती. आईबाप तक्रार करत राहिले, त्यांनाही रंग मारायला सांगितलं. डिसेंबर 2020 मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा, अवाब इशाक, गेला. त्याच्या नावाचा कायदा तिथं ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेनं 24 तासांत हालचाल करायची, ओल-बुरशीसारख्या गंभीर तक्रारीची 10 कामकाजी दिवसांत तपासणी करायची. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पोर गेल्यावरच जाग आली त्यांनाही. पण निदान तारीख आली.

मला तारीख हवी आहे. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यात फ्लॅट विकत घेणाऱ्याला ती आहे: ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं 30 दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा. मग लिफ्ट बंद पडली तर किती दिवस, गळती लागली तर किती दिवस, आणि ते दिवस उलटले तर दंड कुणाला, हे पुनर्वसनाच्या इमारतीसाठीही तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहा आणि तळमजल्यावर बोर्डावर लावा. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झोपडपट्टी कायद्याची अंमलबजावणी तपासायला उच्च न्यायालयाला सांगितलंय. त्या तपासणीत कुणीतरी दुसऱ्या मजल्यावर येऊन दुपारी बाराला ट्यूबलाइट बंद करून बघावं.

आणि आमचीही थोडी चूक. पॅसेजमध्ये कपाटं आम्हीच ठेवली, जिन्याखाली भंगार आमचंच. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ऑक्टोबर 2023 मध्ये पार्किंगमधून आग वर चढली, माणसं गेली, तेव्हा चार दिवस आम्ही जिना रिकामा केला होता. पाचव्या दिवशी सायकली परत आल्या.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. विषय एकच, लिफ्टचा गिअरबॉक्स. घरटी 2,200 मागणार आहेत. सातव्या मजल्यावरचे आजोबा येणार म्हणतात, म्हणजे त्यांना आधी खाली आणावं लागेल. खुर्ची आमच्याकडेच आहे.