सिग्नल सुटेचना

पुण्यात मी जेवढे सिग्नल तोडले, त्या सगळ्यांचं व्याज गेली दीड वर्षं एकच सिग्नल माझ्याकडून वसूल करतोय. हा सिग्नल कॅलिफोर्नियात आहे, सॅन होजेपासून सायकलने तासाभराच्या आतल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथेच राहायचंय.

घर ते ऑफिस सव्वापाच मैल. मधे एकच मोठा चौक आणि तिथे मला डावीकडे वळायचं असतं. इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळणं म्हणजे समोरून येणाऱ्या सगळ्यांना आडवं जाणं. म्हणून वळणाऱ्यांना वेगळी लेन आणि वेगळा हिरवा बाण. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्या लेनमध्ये जाऊन उभा राहिलो. डोक्यावर हेल्मेट, अंगात पोपटी जाकीट, सॅकला लुकलुकणारा दिवा. म्हणजे लग्नाच्या वरातीतही उठून दिसलो असतो. माझ्या लेनमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

सिग्नल सुटला. समोरच्यांचा. मग आडव्या रस्त्याचा. आता आपलाच, म्हणून मी पेडलवर पाय ठेवला, तर पुन्हा समोरच्यांचा. पंगतीत जिलबीवाला ओळीने वाढत यावा, शेजाऱ्याच्या पानात दोन टाकाव्यात आणि आपलं पान ओलांडून सरळ पलीकडच्याकडे जावं, तसं झालं. पहिल्या फेरीला माणूस समजून घेतो, घाईत राहिलं असेल. दुसऱ्या फेरीला पान जरा पुढे सरकवतो. मीही सायकल फूटभर पुढे घेतली. तिसऱ्या फेरीला खाकरतो. मी सिग्नलपुढे खाकरलो. खोटं कशाला सांगू.

पाचव्या फेरीला मागून एक भलीमोठी गाडी आली, थांबली, आणि दहा सेकंदांत बाण हिरवा. जावई आला की आख्खी पंगत जागी होते तसं.

रात्री आईचा फोन होता. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, कोणी नव्हतं ना रस्त्यावर? मग जायचं की." ऑफिसातल्या नागपूरकर मित्राचंही हेच म्हणणं पडलं, फक्त जास्त थोडक्यात: "कायले थांबतो बे?" बायको मात्र म्हणाली, "तू आणि सिग्नलला थांबलास?" आणि बराच वेळ हसत राहिली. तिने मला कॉलेजात असताना पाहिलंय.

खरं सांगायचं तर थांबण्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं, दंडाची भीती होती. पण हळूहळू प्रकरण वेगळ्याच वळणावर गेलं. पुण्याचा सिग्नल घड्याळावर चालायचा. चौकात मोर्चा असो नाहीतर म्हैस बसलेली असो, वेळ झाली की सुटायचा. मी आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, आणि मलाही त्याच्याशी नव्हतं. शाळेत असताना डबलसीट जाताना चौकातल्या मामांनी आम्हाला धरलं आणि दोन्ही चाकांची हवा सोडली. घरापर्यंत सायकल ढकलत नेली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मामांनी निदान बघितलं तरी! इकडचा सिग्नल बघतो, सगळ्यांना बघतो, आणि मला वगळतो.

मग मी कारण शोधायला लागलो. पहिला अंदाज असा, की रस्त्याखाली वजनकाटा असणार. पण माझं वजन ८४ किलो आहे. वजनावर असतं तर मला एका फेरीत दोनदा हिरवा मिळायला हवा होता. मग एका सहकाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, की सायकलला लोहचुंबक बांध. तीन चुंबकं मागवली, बांधली. सिग्नल ढिम्म. चुंबकांना वाटेतले खिळे मात्र चिकटत गेले, म्हणजे टायरची सोय झाली.

शेवटी कळलं ते असं. डांबरावर थांबण्याच्या रेषेपाशी काळसर रेघांचा एक चौकोन दिसतो, आमच्याकडे तो सहा फुटी आहे. तिथे रस्त्यात करवतीने खाच पाडून तारेचे तीन-चार वेढे पुरलेले असतात आणि वरून डांबरासारखं काहीतरी भरलेलं असतं. तारेतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडतात. वर गाडी आली, की तिच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरायला लागतात आणि तारेची लय किंचित बदलते. कोपऱ्यावरच्या पेटीतलं यंत्र तेवढ्यावरून ओळखतं: आलं कोणीतरी. म्हणजे प्रश्न वजनाचा नाही आणि लोखंडाचाही नाही, वीज वाहून नेणारा कुठलाही धातू चालतो. ॲल्युमिनियम तर उत्तम. माझी सायकल ॲल्युमिनियमचीच आहे. तरीही मी अदृश्य.

कारण मी मधोमध उभा राहत होतो. चौकोनाच्या मध्यभागी चुंबकीय क्षेत्र सरळ खालून वर जातं आणि सायकलचं चाक त्याला समांतर उभं. दारात पातळ फळी काटकोनात धरावी आणि वाऱ्याला अडवलं म्हणावं, तसं ते. तारेच्या अगदी वर मात्र हे क्षेत्र वळसा घेतं, आडवं होतं आणि चाकातून आरपार जातं. तेव्हा दोन्ही चाकं बाजूच्या खाचेवर, बरोबर रेघेवर ठेवायची. थोडक्यात, मधून नाही, कडेने. आई हे मला चौथीपासून सांगत आलीय.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकं तारेवर आणून उभा राहिलो, देवापुढे पाट मांडावा इतक्या काळजीने. एक फेरी. दोन फेऱ्या. काही नाही. आमच्या चौकातलं यंत्र इतकं बोथट लावून ठेवलं होतं, की त्याला चाकं म्हणजे धातू वाटतच नव्हता.

कायदा माझ्या बाजूने आहे, हे कळल्यावर तर जास्तच त्रास झाला. कॅलिफोर्नियाने २००७ साली कायदा करून ठेवलाय, वाहन कायद्याचं कलम २१४५०.५. गाड्या ओळखून चालणाऱ्या सिग्नलने सायकल आणि मोटरसायकलही ओळखलीच पाहिजे. मात्र हे नव्याने बसवलेल्या सिग्नलला लागू, किंवा जुन्याची तार बदलतील तेव्हा. आमच्या चौकातली तार जुनी आणि चांगली दणकट आहे. ती तुटेपर्यंत कायद्याच्या दृष्टीनेही मी त्या लेनमध्ये नाही. व्हर्जिनियात दोन मिनिटं किंवा सिग्नलच्या दोन फेऱ्या थांबून, समोर कोणी नाही असं पाहून सायकलवाला लाल सिग्नलवरूनही जाऊ शकतो. विस्कॉन्सिनमध्ये ४५ सेकंद पुरतात. म्हणजे 'सिग्नलला मी दिसत नाही' हे दुःख माझ्या एकट्याचं नाही, त्यावर विधिमंडळं बसली आहेत! पण मी नोकरीला लागलो ते कॅलिफोर्नियात.

आणखी एक गोष्ट वाचली आणि जीव हळहळला. १९२८ साली बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर नावाच्या संशोधकाने आवाजावर चालणारा सिग्नल बसवला होता. खांबावर मायक्रोफोन. गाडीवाल्याने थांबायचं, हॉर्न वाजवायचा, सिग्नल सुटायचा. हॉर्न वाजवला की सिग्नल सुटतो! या तत्त्वावर आख्खं पुणे शहर चालतं आणि सगळे आम्हाला हसतात. आपण हे यंत्र बसवलं असतं तर लाल दिव्याचा खर्च वाचला असता.

एक सभ्य मार्ग होता, पायी जाणाऱ्यांचं बटण. पण ते फुटपाथवर. म्हणजे सायकल उचलून फुटपाथवर जा, बटण दाबा, एक रस्ता ओलांडा, परत बटण दाबा, दुसरा ओलांडा. डावीकडे वळायला चौकाला अर्धी प्रदक्षिणा. तेही आठवडाभर केलं.

मग मी मागून येणाऱ्या गाड्यांच्या पुण्याईवर जगायला लागलो. पण इथली माणसं भयंकर सभ्य आहेत. सायकलवाला दिसला की चांगली पंधरा-वीस फूट मागे थांबतात. म्हणजे गाडीही तारेवर नाही. मी मागे वळून हाताने 'या, या, पुढे या' केलं. गाडीतल्या गृहस्थांनी हसून हात हलवला. मी जोरात हात केला. त्यांनीही जोरात केला. तीन फेऱ्या आम्ही एकमेकांचं असं स्वागत करत होतो.

सायकल आडवी निजवली तर चाकं आणि फ्रेम तारेला सपाट समोर येतात आणि यंत्राला ती जास्त चांगली कळते, असंही वाचलं होतं. शास्त्र पटण्यासारखं होतं. एका गुरुवारी, ऑफिसात साडेसातची मीटिंग असताना, मी इकडेतिकडे बघितलं आणि सायकल त्या चौकोनाच्या कडेवर अलगद आडवी केली. हँडल रस्त्यावर घासू नये म्हणून शेजारी उकिडवा बसलो आणि एका हाताने ते धरून ठेवलं. तेवढ्यात मागून गाडी आली. गाडी करकचून थांबली, बरोबर तारेवर. दार उघडून एक पांढऱ्या केसांच्या आजी धावत आल्या. "हलू नकोस," त्या म्हणाल्या, "मी नर्स होते."

मी सांगायचा प्रयत्न केला, की मी पडलेलो नाही, सायकल मीच झोपवलीय. त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे दोन बोटं धरली आणि विचारलं, किती आहेत. मी म्हटलं, दोन. तेवढ्यात त्यांच्या खांद्यामागे बाण हिरवा झाला. महिनोन् महिने ज्याची वाट पाहिली तो हिरवा बाण मी उकिडवा बसून पाहत होतो आणि आजी माझी नाडी मोजत होत्या. गाडी तारेवर उभी, त्यामुळे सिग्नलने बिचाऱ्याने जमेल तितकं ताणून धरलं. मग पिवळा. मग लाल. आजी म्हणाल्या, "नाडी फार जलद आहे."

त्या दिवशी मी महापालिकेला लिहिलं. इंग्रजीतून तक्रार लिहिताना माणूस फार नम्र होतो; तीन परिच्छेदांत मी दोनदा त्यांचे आभार मानले होते. सहा आठवड्यांनी पिवळं जाकीट घातलेले एक गृहस्थ आले, मलाही सकाळी बोलावलं होतं. त्यांनी कोपऱ्यावरची पेटी उघडली. आत पट्टीएवढं एक कार्ड, त्यावर संवेदनशीलतेचे आकडे. त्यांनी आकडा वाढवला आणि मला म्हणाले, "उभे राहा." मी तारेवर उभा राहिलो. कार्डावर दिवा लागला. दीड वर्षात त्या चौकाने माझी घेतलेली ती पहिली दखल, तीही पेटीच्या आत.

पण सोमवारी नवीनच प्रकार. शेजारच्या लेनमधून ट्रक गेला की आमचा बाण कोणी नसताना हिरवा व्हायला लागला. यंत्र आता इतकं हळवं झालं होतं, की त्याला शेजारणीचाही पत्रा जाणवत होता. मग लोकांच्या तक्रारी आल्या, मग गृहस्थ परत आले. आकडा थोडा उतरवला आणि कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून रस्त्यावर पांढऱ्या रंगात खूण काढून गेले: सायकलवर बसलेला माणूस, वर एक उभी रेघ, खाली एक उभी रेघ. आता दहातल्या आठ वेळा सुटतो. उरलेल्या दोन वेळा आजींची वाट बघतो.

डिसेंबरात पुण्याला गेलो होतो. बारा वर्षांच्या पुतण्याला घेऊन सकाळी सायकलवर निघालो, आणि टिळक रस्त्यावर पोचायच्या आधीच एका चौकात सिग्नल लागला. केबल टाकायला खणलेला चर कोणीतरी डांबर टाकून बुजवला होता. काळी रेघ रस्ताभर गेलेली. मी सायकल मागे घेतली, पुढचं चाक रेघेवर आणलं, मागचं आणलं, आणि हँडल सरळ धरून स्तब्ध उभा राहिलो. मागून रिक्षावाला म्हणाला, "काका, चक्कर आली का?"

"काका, काय करतोयस?" पुतण्याने विचारलं.

मी त्याला तार, धातू, भोवरे, सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, वर बघ की."

सिग्नलशेजारी लाल आकडे उतरत होते. सात. सहा. पाच.

मी चाक काही रेघेवरून हलवलं नाही.