बाबांची शुगर

घरात कोणाले शुगर निघाली की गावात फुकटचे डॉक्टर किती आहेत ते कळते. बाबांची निघाली त्या संध्याकाळीच ओट्यावर गर्दी, कोणी कारल्याचा रस सांगते, कोणी जांभळाच्या बिया, अन् सगळ्यांचं एकमत कशावर तर साखर बंद करा, गूळ चालते. गुळानं पण शुगर वाढतेच म्हटलं तर मीच भैताड.

बाबांचं पथ्य फक्त तपासणीच्या आधीचे दोन दिवस. नुस्ती मेथीची भाजी अन् अर्धी भाकर, उपाशीपोटीचा रिपोर्ट जरा बरा आला की तो खिशात घालून गावभर चक्कर. मग डॉक्टरनं एचबीएवनसी लिहून दिली. तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी निघते, साधारण 7 टक्क्यांच्या आत पाहिजे, बाबांची 8.9.
"लग्नात काय खाल्लं ते बी लिहून ठेवते का बे हे?"

डॉक्टरनं सांगितलं ढीगभर. गोळी वेळेवर घ्या, रोज पाय तपासा, वावरात अनवाणी जाऊ नका कारण पाय बधिर झाला की काटा रुतलेला कळत नाही अन् जखम चिघळते. बाबांनी पाठ केला एकच नियम, शुगर 70 च्या खाली गेली, थरथर सुटली, घाम आला की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. बाकी आम्ही मागं लागून करून घ्यायचं.

पोळ्याच्या दिवशी पुरण शिजायले लागलं अन् बाबांना बरोबर थरथर सुटली. मी मशीन आणली, बोट टोचलं, 212.
"हाताले गूळ लागला असन."

आता हे खोटं नाही, बोटाला गोड लागलं असलं तर आकडा फुगून येते, म्हणून मी गप. पण गूळ हाताला लागला कसा, हे कोणी विचारलंच नाही, आई फक्त चुलीपाशी हसली. हात धुवून दुसरी पट्टी लावली (किती महाग असतात त्या!), 209.

मग मशीनच खराब. ते सिद्ध करायले शेजारच्या काकांना बोलावलं, नवी सुई लावली, त्यांची आली 287, अन् त्या माणसानं जन्मात कधी तपासलीच नव्हती.

बाबा ताडकन उठले. "अबे, उद्याच उपकेंद्रात चाल, आशाताईले सांगतो, तिशीवरच्यांची तपासणी असते तिथं. गुळाच्या भरोशावर राहू नको. अन् पाय दाखव आधी. चप्पल कुठं हाय तुझी?"

अर्धा घंटा भाषण चाललं, पायाच्या बोटांच्या सांदीसकट, आमच्यासमोर कधी तोंड न उघडणारा माणूस! काकांनी घाबरून विचारलं, "मंग आज पुरणपोळी?"
"एक. मोजून."
"अन् तुम्ही?"

बाबांनी टोपल्याकडे पाहिलं, पण टोपलं आईनं उचललं होतं, अन् राहिलेल्या पोळ्या ती अंगणात बैलांना चारून राहिली होती.